तिरप्या उजेडातली अक्षरं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यांवरची पुस्तकं माणसांच्या घरी जाऊन येत. कुणी त्यांवर चहा सांडे, कुणी पानं दुमडे, कुणी परत द्यायलाच विसरे. तळमजल्यावरच्या विशेष संग्रहातलं मात्र काही कुठं जात नसे. तिथं माणसांनाच यावं लागे, तेही हात धुऊन आणि पेन बाहेर ठेवून. कुणाची हस्तलिखितं, कुणी हाताने रंगवलेले नकाशे, काचेवर उतरवलेले जुने फोटो, बंद पडलेल्या छापखान्याचे लाकडी ठसे, एका नाटक मंडळीच्या पोशाखांचे कागदी नमुने, असा सगळा ऐवज तिथं पुठ्ठ्याच्या पेट्यांतून गार अंधारात पडून असे. दारावरचा वॉचमन त्याला "वारसांनी न नेलेलं सामान" म्हणायचा, आणि त्याचं फारसं चुकत नव्हतं.

या विभागाच्या मागच्या खोलीत खळबाई बसायची. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. सगळ्यांच्या तोंडात मात्र हेच बसलं होतं. फाटलेल्या पानाला पातळ कागदाचं ठिगळ लावायला लागणारी गव्हाच्या सत्त्वाची खळ ती रोज सकाळी स्वतः शिजवायची, गाळायची, बोटांच्या चिमटीत घेऊन तिचा चिकटपणा बघायची. मग दिवसभर तिचे हात आणि कागद यांचं काय ते चाले. कागद किती जून झालाय, कुठं पिचलाय, किती ओल सोसेल, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. तिचं सगळं ज्ञान बोटांच्या टोकाशी होतं.

मग आजार आला. तो कसा कळला, किती चाचण्या झाल्या, ते सांगत बसण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात तो येऊन गेलाय त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांच्या घरात आला नाही त्यांनी ऐकू नये. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस परत आले. शेवटी डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहे. नवऱ्याने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच रुमाल काढून डोळे पुसले. ती शेजारी उभी होती. आपल्यालाही आता काहीतरी वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. रिक्षा आली, तेव्हा दोघं आत बसली.

बोटांचं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. औषधाने नसांना मार बसतो, ते म्हणाले. मुंग्या येतील, बधिरपणा राहील, कुणाचा जातो, कुणाचा थोडा राहतो. मग चष्मा काढून त्यांनी जोडलं, "जीव वाचला, हे मोठं."

हे वाक्य पुढं तिच्या वाट्याला इतक्यांदा आलं की ते ऐकू येईनासं झालं. आजारपणात घर सांभाळायला आलेली मोठी नणंद तर पाहुण्यांना दारातच सांगायची, "जिवावरचं होतं, बोटांवर निभावलं!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसून घ्यायची. नणंद प्रेमळ होती. रात्रंदिवस राबली होती. त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर खळबाईला राग येतही नव्हता. राग, आनंद, भीती, सगळं जणू दुसऱ्या खोलीत चालू असलेल्या रेडिओसारखं होतं. आवाज येई, शब्द कळत नसत.

नवरा मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर होता. आयुष्य शिकाऊ लोकांच्या शेजारी बसण्यात गेल्यामुळे घरी सोफ्यावर बसूनसुद्धा, टीव्हीवर गाडी जरा जोरात वळली की त्याचा पाय जमिनीवर ब्रेक दाबायचा. रोज सकाळी तो तिच्या कुडत्याच्या गुंड्या लावून द्यायचा, कारण तिच्या बोटांना त्या लागत नसत. एकदा शेवटच्या गुंडीशी तो थांबला.

"एक विचारू? तू खूश नाहीयेस का?"

"आहे की."

"मग तसं दिसू दे ना जरा. सगळं घर तुझ्या तोंडाकडे बघतंय."

"दिसतंय तेवढंच आहे," ती म्हणाली. "लपवून नाही ठेवलेलं काही."

त्याने गुंडी लावली आणि किल्ली घेऊन बाहेर पडला. ती पण निघाली, कारण त्याच दिवशी तिला कामावर परत रुजू व्हायचं होतं.

विभागप्रमुख मॅडम तिच्याहून वयाने लहान, कडक, पण आतून मऊ. त्यांनी टेबल पुसून ठेवलं होतं, दिवा बदलला होता. पहिलं कामही हलकंच काढलं होतं. कुणा हौशी माणसाने आपल्या गच्चीवरून दुर्बिणीतून बघून चंद्राची चित्रं काढली होती, त्या वहीची काही पानं एकमेकांना चिकटली होती, ती सोडवायची.

खळबाईने खळ शिजवली. चिमटीत धरली. काहीच कळलं नाही. डोळ्यांनी बघून ठीक वाटली म्हणून बाजूला ठेवली. मग पातळ सुरी पानांच्या मध्ये सरकवली आणि दुसऱ्या हाताने वरचं पान आधाराला धरलं. किती जोर लागतोय ते कळायला मार्ग नव्हता. हातमोजे घालून दुसऱ्याच कुणाचे तरी हात वापरावेत तसं चाललं होतं. आणि मग आवाज आला. कागद फाटल्याचा लहानसा, कोरडा आवाज. तिने खाली बघितलं तर तिचा अंगठा पानाच्या आरपार गेला होता. अर्ध्या चंद्राच्या बरोबर काठावरून.

एवढ्या वर्षांत तिने फाटलेलं जोडलं होतं; स्वतः कधी फाडलं नव्हतं. आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिच्या मनात आलं. ते आलं नाही. तिने सुरी खाली ठेवली, उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "माझ्याकडून पान फाटलंय. बोटांना लागत नाही मला. मला वाटलं होतं जमेल."

मॅडम येऊन बराच वेळ ते पान बघत राहिल्या. "हे जोडता येईल," त्या म्हणाल्या.

"येईल. मला नाही येणार."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्यांना कुणाच्या खांद्यावर हात ठेवायची सवय नव्हती.

त्यानंतरचे काही आठवडे खळबाई वाचन कक्षाच्या दाराशी बसून लोकांचे पेन काढून घेऊन शिसपेन्सिली वाटत होती. वॉचमन म्हणाला, "बढती झाली म्हणायची. माझ्या शेजारी." ती हसली. हसायला तोंडाचे स्नायू लागतात, ते शाबूत होते.

अशात गावाबाहेरची जुनी अंधशाळा बंद झाली. मुलं कधीच दुसरीकडे पांगली होती, इमारत पडायला आली होती. संस्थेच्या लोकांनी सामान उचललं आणि टेम्पो भरून ग्रंथालयात आणून टाकलं. ठिपक्यांच्या लिपीतली, म्हणजे ब्रेलमधली, हाताने टोचून केलेली जाडजाड पुस्तकं. पुठ्ठ्यावर सुतळी आणि डिंकाने केलेले उठावाचे नकाशे, ज्यांत नद्या दोऱ्याच्या होत्या आणि डोंगर भुशाचे. मुलांनी काढलेल्या मासिकांचे अंक. कशावरही डोळसांना वाचता येईल असं एक अक्षर नव्हतं. पांढऱ्या कागदावर पांढरे उंचवटे. कुठली पेटी कशाची, कुणाला ठाऊक?

मॅडमनी चौकशी करून शाळेचे जुने भूगोलाचे मास्तर शोधून काढले. म्हातारे झाले होते, भाच्याकडे राहत होते. भाच्याने सकाळी आणून सोडलं. स्वच्छ पांढरा सदरा, हातात काठी, आणि आवाज असा की मागच्या बाकालाही झोप लागू नये. मॅडमनी खळबाईला त्यांच्या मदतीला दिलं.

मास्तरांनी पहिलं पुस्तक पुढ्यात घेतलं, पानावरून बोटं फिरवली आणि ठणकावून सांगितलं, "भूगोल. इयत्ता पाचवी."

मॅडमनी लिहून घेतलं. दुसरं पुस्तक. "हासुद्धा भूगोल. वरच्या इयत्तेचा." तिसरं. मास्तर जरा घुटमळले. "हं... नद्यांवर आहे काहीतरी."

मॅडम खूश होऊन फोन घ्यायला गेल्या. खळबाई मात्र मास्तरांच्या हातांकडे बघत होती. ते एकाच ओळीवरून दोनदा जात होते. बोट हवं त्यापेक्षा जोरात दाबत होते. मध्येच अंगठ्याने इतर बोटांची टोकं चोळून परत सुरुवात करत होते. हे सगळं तिने कुठं बघितलं होतं ते तिला चांगलं माहीत होतं. ती स्वतः घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी, कुणी बघत नाही असं बघून हेच करायची.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमच्या बोटांना लागत नाहीये ना काही?"

मास्तरांचा हात थांबला. 

"कुणी सांगितलं? भाच्याने?"

"नाही. माझ्याही बोटांना लागत नाही."

"शुगर?"

"केमो."

मास्तरांनी मान हलवली. जीव वाचला हे मोठं, असं ते म्हणाले नाहीत. "लहानपणी आंधळा झालो तेव्हा देवी आल्या होत्या," ते म्हणाले. "तेव्हा कळायचं वय नव्हतं. हे दुसऱ्यांदा झालं, बोटांचं. या खेपेला चांगलं कळलं. आधी जास्त ठिपक्यांची अक्षरं जायला लागली, मग कमी ठिपक्यांची, मग एके दिवशी पान म्हणजे नुसता खरखरीत कागद. घरी कुणाला सांगितलं नाही. रोज पुस्तक घेऊन बसतो, पानं उलटतो. त्यांना वाटतं, मामा वाचतोय." मग विचारलं, "तुम्हाला राग येतो का?"

"नाही. काहीच येत नाही."

"हं. मला वर्षभर काही आलं नव्हतं," मास्तर म्हणाले, आणि यापुढं जाऊन त्यांनी धीरबीर काही दिला नाही.

मॅडम परत आल्या की त्यांना सांगून टाकायचं आणि घरी जायचं, असं मास्तरांच्या मनात होतं. पण खळबाई समोरच्या पानाकडे बघत होती. खिडकी उजवीकडे होती, आणि पानाच्या कडेला जिथं उन्हाची तिरीप पडली होती तिथं प्रत्येक ठिपक्याला बारीक सावली पडली होती. कागदावरचे ओरखडे आणि सुरकुत्या बघायला ती नेहमी दिवा असाच आडवा धरायची. तिने मागच्या खोलीतून दिवा आणला, खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा टेबलाच्या पातळीला आणून तिरपा लावला. पानभर सावल्या उठल्या. पांढऱ्यावर पांढरं होतं ते काळंपांढरं झालं.

"सर, मला दिसतायत ठिपके."

"दिसतायत?" मास्तर खुर्चीत सरळ झाले. "आमचे डोळस मास्तर असंच वाचायचे. डोळ्यांनी. आम्ही पोरं त्यांना लबाड म्हणायचो! बरं, ऐका. एका घरात सहा ठिपके. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. आता पहिल्या घरात कुठले आहेत ते सांगा."

"एक, तीन, चार."

"म."

"पुढं तीन, चार, पाच."

"काना. मा. पुढं चला."

दुपार होईपर्यंत त्यांचं पहिलं पान झालं. ते भूगोलाचं नव्हतंच. मोजे विणायची कृती होती. मास्तर इतके हसले की वॉचमन डोकावून गेला. "माझ्या भूगोलावर चांगलाच टाका पडला," ते म्हणाले. मॅडमना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. तीनही नोंदी खोडून घ्यायला लावल्या. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग उद्या किती वाजता याल?"

ते काम हिवाळाभर चाललं आणि उन्हाळ्यातही. आधी ती आकडे सांगायची आणि मास्तर अक्षर. मग हळूहळू अक्षरं तिची तिलाच ओळखू यायला लागली, आणि मास्तर फक्त जोडाक्षरांना अडलं की मदत करायचे. बुद्धिबळाच्या डावांची वही निघाली. पाढे निघाले. मुलांच्या मासिकात वसतिगृहाच्या आमटीवर लिहिलेली तक्रार निघाली, ती वाचून मास्तर म्हणाले, "हा पोरगा मोठेपणी वकील झाला. लक्षणं दिसतात." सुतळीच्या नकाशांपाशी ते जास्त रेंगाळायचे, कारण दोरा जाड असल्यामुळे तेवढा त्यांना अजून लागत असे. ते नकाशे त्यांनीच केले होते. एका नदीचं टोक सुटून लोंबत होतं. "ही समुद्राला मिळायची," ते म्हणाले. खळबाईने ते टोक नुसतं बघितलं. ते चिकटवणं आता तिच्या हातचं नव्हतं.

संध्याकाळी भाच्याला उशीर होऊ लागला, तेव्हा खळबाईचा नवरा त्यांना सोडायला जाऊ लागला. त्याची गाडी शिकवणीची. शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक. मास्तर तिथं बसायचे. पहिल्याच दिवशी चौकात एक सायकलवाला घंटी न वाजवता आडवा आला, आणि नवऱ्याच्या आधी मास्तरांनी ब्रेक दाबला. त्यांनी म्हणे चाकाची किरकिर ऐकली होती. नवरा घरी येऊन नाचायचा बाकी राहिला. "माझ्या हाताखालून एवढे डोळस गेले, एकालाही हे जमलं नाही!" तो सगळ्यांना सांगत सुटला. खळबाई जेवण वाढत ऐकत होती. नवऱ्याचा चेहरा खूप दिवसांनी असा उजळलेला दिसत होता, हे तिला समजत होतं.

मधल्या काळात मागच्या खोलीत नवी दुरुस्तीकार आली. दुसऱ्या गावाहून आलेली, कामात तयार बाई. खळबाईने तिला सुऱ्या, ब्रश, खळीचं भांडं, गाळणी, दाबाचे वजनी दगड, सगळं दाखवून हवाली केलं. कुठला ब्रश मऊ, कुठला हट्टी, तेही सांगितलं. बाई म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटत असेल." खळबाईने खरोखर शोधून बघितलं. वाटत नव्हतं. "भांड्याचं बूड पातळ आहे," ती म्हणाली, "खळ लागते. ढवळत राहा." काही दिवसांनी नकाशावरची ती नदी समुद्राला मिळाली, आणि जोड कुठं आहे ते तिरप्या उजेडातही दिसत नव्हतं.

शेवटची पेटी वाचून व्हायच्या आतच मास्तर गेले. सकाळी चहा घेऊन भाचा खोलीत गेला, तर ते झोपेतच. फोन विभागात आला, तो खळबाईनेच घेतला. "हो," ती म्हणाली. "बरं. कळवते मी सगळ्यांना." मॅडमना सांगितलं, वॉचमनला सांगितलं. मग जागेवर येऊन दिवा लावला आणि अर्ध्यावर राहिलेलं पान पुरं केलं. अडलेली जोडाक्षरं पेन्सिलीने खूण करून तशीच ठेवली.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो उभ्याचा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. नाक पुसत म्हणाला, "काल मला म्हणाले होते, तुझा क्लच जड झालाय, दाखवून घे." ती त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती, ते तिला तळहातातून कळत होतं; बोटांतून नाही. तळहात तसा ठीक होता. तिने हात बराच वेळ तिथंच ठेवला.

"तुला काही होत नाही का गं?" तो शेवटी म्हणाला. रागाने नाही, नुसतंच.

"होत असेल," ती म्हणाली. "माझ्यापर्यंत येत नाहीये."

त्याने मान डोलावली. या उत्तराशी तो कधी भांडला नाही, नंतरही.

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत सांगितलं की बोटांत जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं. उजव्या अंगठ्याला थोडं लागू लागलं होतं, तेवढंच. मॅडमनी मात्र वर कुठं कुठं बोलून तिची नेमणूकच बदलून घेतली. अंधशाळेचा संग्रह आता रीतसर तिच्याकडे आला. सूची छापली गेली, ठिपक्यांतही टोचून घेतली. पहिल्या पानावर मास्तरांचं नाव होतं, त्याखाली तिचं.

सूची निघाल्यावर काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी विद्यापीठातलीच एक विद्यार्थिनी आली. एम.ए. करत होती, जन्मापासून दृष्टी नव्हती, पाठीला मोठी सॅक. पेन काढून द्या म्हटल्यावर म्हणाली, "माझ्याकडे पेन कशाला असेल, मावशी?" आणि हसत हात धुवायला गेली.

खळबाईने मुलांच्या मासिकांची पेटी आणून तिच्यापुढं ठेवली. मुलीने झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी वाचायला सुरुवात केली. खळबाई बघत राहिली. एक हात ओळ संपवतोय तोवर दुसरा पुढच्या ओळीवर. मास्तरांना आणि तिला ज्या पानाला अख्खा दिवस लागला होता, ते पान त्या पोरीने वॉचमनचं जांभई देणं पुरं व्हायच्या आत उलटलं. ओठ हलत होते, मध्येच एकटीच खुदकन हसत होती.

थोड्या वेळाने तिने मान वर केली. "मावशी, इथं एक पान उलटं बांधलंय. आणि सूचीत याला कविता म्हटलंय. कविता नाहीये ही. कुणीतरी पाढे चुकवलेत म्हणून मास्तरांनी पुन्हा पुन्हा लिहायला लावलंय. तेच तेच आहे, म्हणून तुम्हाला कविता वाटली असेल."

"माझीच चूक," खळबाई म्हणाली. "कुठलं पान?"

मुलीने पान सांगितलं. खळबाईने सूची उघडली, कविता हा शब्द खोडला आणि पेन्सिलीने त्यावर बारीक अक्षरात लिहिलं: शिक्षा. पेन्सिल धरलेली तिला नीट कळत नव्हती, पण अक्षर सरळ आलं.

"पुढची पेटी आणू?"

"आणा ना. पण तुम्हाला जेवायला जायचं नाही का? सगळे उठलेले ऐकू आले मला."

खळबाईने घड्याळाकडे बघितलं. जेवणाची वेळ होऊन गेली होती. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे, खरीखुरी, पोटात खड्डा पडावा अशी. आजारानंतर ती वेळ झाली म्हणून जेवत आली होती. ती क्षणभर तशीच उभी राहिली.

"पेटी आणते," ती म्हणाली, "आणि मग जेवून येते. तू बस."